कस्तुराचा उंदीर

आसेगाव, कार्तिक वद्य ४, शके १८३३ (सन १९११)

ती. गोमताअक्का हिच्या पायांवर धाकट्या कस्तुराचं डोकं.

इकडची खुशाली लिहायची तर वेणू बरी आहे, बैल बरे आहेत, मिरच्या लाल झाल्या आहेत, धनी रोज मोट हाणतात आणि चांगले जेवतात. माझी खुशाली तेवढी विचारू नकोस.

अक्का, परवा मी पुन्हा घर उठवलं. सकाळी कणगीमागे झाडत होते तर उंदीर पडलेला दिसला. बस, पुढचं मला काही आठवत नाही. छातीत घण पडायला लागले, हात गार पडले, डोळ्यांपुढे आपला भाऊ नारायण उभा राहिला. मी वेणूला काखेत मारलं, भांडी गाडीत टाकली आणि ओरडत सुटले की गाव सोडा, उंदीर पडले. धनी मोट टाकून धावत आले. मळ्यातल्या झोपडीत बिऱ्हाड नेलं. आमच्यामागे आणखी चार घरं निघाली. दुपारी शेजारची ललिताबाई आली आणि हसत म्हणाली, "अवो, त्या उंदराच्या मानेवर दात हायेत. माह्या मांजरीनं मारला तो." सगळं गाव परत फिरलं. आता पोरंसुद्धा मला पाहून विचारतात, "कस्तुरामावशी, उंदीर पडला का वं?" कोणी उगाच घाबरलं की म्हणतात, कस्तुराचा उंदीर पडला.

हे यंदा दुसऱ्यांदा झालं. श्रावणात तर ती मेलेली खार निघाली होती.

तुला ठाऊकच आहे, मी मुळात अशी नव्हते. दोन वर्षांमागे माहेरी उंदीर पडले तेव्हा सगळे मळ्यात राहायला गेले आणि आपण ज्वारी भरायची राहिली म्हणून गावात थांबलो. तेवढ्या दिवसांत नारायणाच्या जांघेत प्लेगची गाठ आली आणि तो गेला. तेव्हापासून माझ्या छातीत कोणीतरी बसलं आहे आणि ते झोपत नाही. पान हललं तरी ते उठतं.

परवा संध्याकाळी धनी शांतपणे बोलले, आणि ते शांतपणे बोलले म्हणूनच मला जास्त लागलं. म्हणाले, "आता यापुढं उंदीर म्हनलं ना, तं गाडी जुपतो अन् तुले वाशीमले बहिणीकडं नेऊन घालतो. वेणू इथंच राहीन. पोरीले तुह्या भेवाची सवय लावाची नाही मले." ते बोलले तसं करणारे आहेत. वेणू आता बाहेरून आली की आधी माझ्या तोंडाकडे बघते, मी घाबरले आहे की नाही ते. सहा वर्षांच्या पोरीने असं बघावं याची मला लाज वाटते.

काहीतरी औषध सांग. वेणूवाचून मी राहू शकणार नाही.

तुझी
कस्तुरा

*

वाशीम, कार्तिक वद्य १३

चि. सौ. कस्तुरा हिला अक्काचे पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचून रडू आलं आणि खारीपाशी आल्यावर हसूही आलं, रागावू नकोस. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, पण तू तर, बाई, पाणीही फुंकायला लागलीस. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच. दौलतरावांना मी दोष देत नाही. पुरुषमाणूस किती वेळा बिऱ्हाड गाडीत घालील आणि किती वेळा उतरवील?

तुला औषध हवं ना? वैद्याकडे जाऊ नकोस, माझ्याकडेच आहे. इथे बालाजीच्या देवळात एक जिजाबाई म्हणून म्हातारी बसते. तिचे दोन्ही मुलगे एका वर्षात गेले. तरी तिच्याजवळ बसलं की आपला जीव खाली बसतो. माझी कूस उजवत नव्हती, सासूची बोलणी खाऊन माझी छाती अशीच उडायची, तेव्हा तिनेच मला सावरलं. मी तुला कधी सांगितलं नाही, कारण मोठी बहीण घाबरते हे धाकटीला कशाला कळायला हवं.

ती म्हणते, "भेव आलं तं त्याले बसाले पाट दे. त्याच्यासंगं पळू नोको." आता करायचं कसं ते वाच आणि नीट ध्यानात ठेव. छाती उडाली की असशील तिथे बस. पाठ भिंतीला टेक. एक हात पोटावर ठेव. श्वास आत घेताना मनात 'गो' म्हण, सोडताना 'विंद' म्हण. गोविंद तुझ्यात शिरतो आणि बाहेर पडताना भीतीला घेऊन जातो, असं समज. पहिल्यांदा जाणार नाही. दहा वेळा बसशील तेव्हा एकदा जाईल.

आणि मुख्य पथ्य हे की भीती जे दाखवील ते बघायला उठायचं नाही. ती म्हणेल कणगीमागे बघ, तर बघायचं नाही. ती म्हणेल पळ, तर पळायचं नाही. तू तिचं ऐकतेस म्हणून ती शेफारली आहे. हट्टी पोराकडे पाहिलं नाही की ते आपोआप गप्प होतं.

रोज सकाळी तोंड धुतल्यावर बसत जा. तुला वेणूपासून कोणी तोडत नाही, माझी हमी. बाबांनी लोकांची बोलणी ऐकून आपल्या दोघींना अक्षरं शिकवली, त्याचा हा उपयोग झाला म्हण, की बहिणीचं औषध डाकेने येतं.

तुझी
अक्का

*

आसेगाव, मार्गशीर्ष वद्य २

ती. अक्काला कस्तुराचा नमस्कार.

उशीर झाला, कारण खरं सांगण्यासारखं काही घडेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता घडलं आहे.

पहिले कित्येक दिवस नुसती फजिती. भिंतीला पाठ टेकून बसले की भिंतीतच उंदीर कुरतडतो आहे असं वाटायचं. 'गो' घ्यायची आणि 'विंद' घशात अडकायचा. एकदा तर रडत उठले आणि तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

मग एक दिवस मळ्यात वाफ्याला पाणी धरत होते. धनी मोट हाणत होते. बैल मागे सरले की मोट खाली विहिरीत जाते, बैल धावेवरून उतरले की भरून वर येते आणि थारोळ्यात पाणी सुटतं. मी सहज मोटेबरोबर श्वास घ्यायला लागले. मोट खाली गेली की 'गो', पाणी सुटलं की 'विंद'. अक्का, किती वेळ गेला मला कळलं नाही. वाफा भरून पाणी दुसऱ्यात शिरलं तरी मी उभीच. धन्यांनी हाक मारली तेव्हा भानावर आले. छातीत कोणी नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिथे मोकळी जागा होती. मी तिथेच चिखलात बसून रडले.

आता मोट नसली तरी मी ती मनात चालवते. मागच्या आठवड्यात माळ्यावर रात्रभर खुडबुड झाली. मी उठले नाही. सकाळी वर जाऊन बघावंसं वाटलं, तेही बघितलं नाही. तुझं पथ्य. दुपारपर्यंत विसरूनही गेले.

आठवड्याच्या बाजारातून धन्यांनी माझ्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्या. वेणू माझ्याशेजारी मांडी घालून बसते, पोटावर हात ठेवते आणि मोठ्याने 'गोऽ' म्हणते. श्वास आत घेताना बोलता येत नाही हे तिला अजून समजलेलं नाही. आता ती बाहेरून आली की माझ्या तोंडाकडे बघत नाही, सरळ भाकरीच्या टोपलीकडे बघते. याहून मला काही नको.

तुझी
कस्तुरा

*

वाशीम, पौष वद्य १३

चि. कस्तुरा हिला आशीर्वाद, आणि या खेपेला थोडी शाबासकीही.

दौलतराव मिरच्या घेऊन बाजाराला आले होते, रात्री आमच्याकडेच राहिले. इतकं बोलणारा हा माणूस आहे हे मला आज कळलं. म्हणाले, "अक्का, तुमी काय जादू केली? आता गावातल्या बाया तिच्याकडं येऊन बसतात. ललिताबाईची सून रात्री दचकून उठे, तिले हिनंच शिकवलं." वा गं वा! कानामागून आली आणि तिखट झाली. मी वर्षानुवर्षं बसते तरी मला कोणी विचारत नाही आणि तू दोन महिन्यांत बुवा झालीस.

जिजाबाईला सांगितलं. ती हसली आणि तिने तुझ्यासाठी अंगारा दिला, तो दौलतरावांबरोबर पाठवला आहे. वेणूला खणाची परकरपोलकी शिवली आहेत. संक्रांतीचं वाण उशिरा पोचतं आहे, गोड मानून घे.

इकडे सगळं ठीक आहे. आम्ही सध्या मळ्यातच मुक्काम हलवला आहे. वांग्याची राखण करायची असते आणि तुझ्या दाजींना गावातली गर्दी तशीही आवडत नाही. त्यात काळजीचं काही नाही. तू तुझं नाम सोडू नकोस. आता लागलेली घडी विस्कटू देऊ नकोस.

तुझी
अक्का

*

आसेगाव, माघ शुद्ध ३

ती. अक्काच्या पायांवर डोकं.

परकर वेणूने अंगावरून काढलेला नाही. रात्रीही त्यातच झोपते. अंगारा देव्हाऱ्यात ठेवला आहे.

आज तुला लिहायला बसले ती एक मोठी गोष्ट सांगायला. माझी परीक्षा झाली आणि मी पास झाले.

काल धनी मंगरूळला गेले होते. मी भाकरी थापत होते. चुलीपलीकडून एक उंदीर आला. दिवसाढवळ्या, अगदी माझ्यासमोर. दारू प्यायल्यासारखा भेलकांडत आला, चुलीच्या उबेला थांबला आणि तिथेच कलंडला. अंगावर जखम नाही, मांजर नाही, काही नाही. अक्का, छाती अशी उडाली की हातातली भाकरी राखेत पडली. तोंडात आलंच होतं, वेणू पळ म्हणून. मग मी स्वतःलाच म्हटलं, कस्तुरा, बस. पाठ टेकली. पोटावर हात ठेवला. विहिरीत मोट सोडली.

पहिल्यांदा काही होईना. भीती म्हणत होती, बघ, नीट बघ, हा तसलाच आहे. मी बघितलं नाही. डोळे मिटून घेतले. गावाचं हसणं आठवलं, धन्यांची गाडी आठवली. गोविंद, गोविंद. हळूहळू घण थांबले. डोळे उघडले तेव्हा माझा जीव इतका निवांत होता की मला स्वतःचंच नवल वाटलं. उंदीर पडला होता आणि मी बसले होते. असं कधी होईल असं तुला तरी वाटलं होतं का?

वेणू अंगणातून आली. म्हणाली, "आई, मी टाकू?" तिने त्याला शेपटीला धरून उचललं, झुलवत झुलवत नेलं आणि उकिरड्यावर भिरकावलं. मी तिला रागावले नाही. हात धुवायला लावले आणि दोघी जेवलो. धनी आल्यावर मी त्यांना सांगितलंसुद्धा नाही. उंदीर हा शब्द आमच्या घरातून गेला आहे, तो परत कशाला आणू?

जिजाबाईला विचार, मला आता पुढचं काही शिकवणार का?

तुझी आनंदात असलेली
कस्तुरा

*

वाशीम, माघ शुद्ध ११

कस्तुरा,

वाचताक्षणी घर सोड. नाम-बीम राहू दे. भांडी घेऊ नकोस, दाणे घेऊ नकोस, गोधड्या तर मुळीच घेऊ नकोस. वेणूला उचल आणि मळ्यात जा. तिचे कपडे जाळ, नवे परकरही जाळ. तिच्या जांघेत, काखेत हात लावून बघ. ताप आहे का बघ. गावात ओरडून सांग. हसले तर हसू देत.

वाशीममध्ये पौषापासून उंदीर पडत आहेत. आमच्या आळीत तीन घरांत गाठीचा ताप झाला. आम्ही राखणीला मळ्यात गेलो नाही, पळून गेलो. मी तुला लिहिलं नाही. दौलतरावांनाही मी शपथ घातली की हिच्या कानावर घालू नका, फार मुश्किलीने सावरली आहे. ते तयार नव्हते, पण मी हट्ट धरला.

तू लिहिलं आहेस तोच उंदीर, कस्तुरा. तोच आहे. तुझी भीती खरी होती.

हे पत्र डाकेत टाकत नाही. मदनसिंग म्हणून एक बंजारा घोड्यावरून मंगरूळकडे निघाला आहे, त्याच्या हाती देते. तो न थांबता तुझ्या दारात येईल. त्याच्याकडे दोन ओळी लिहून दे.

गोमता

*

वाशीम, माघ वद्य ६

कस्तुरा, बाळ,

मदनसिंग परत आला. पत्र पोचलं एवढंच म्हणाला आणि त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तुझ्या दोन ओळी आणल्या नाहीत. मग तुझे दाजी स्वतः गेले. तुमचं गाव रिकामं झालं आहे, सगळे मळ्यांत झोपड्या घालून आहेत, बाहेरच्याला जवळ येऊ देत नाहीत, असं त्यांनी येऊन सांगितलं. दौलतराव त्यांना लांबून दिसले. ह्यांनी ओरडून विचारलं, वेणू कशी आहे? दौलतराव पाठ फिरवून विहिरीकडे गेले.

माझ्यावर रागावले असतील, आणि त्यांचं बरोबर आहे. तूही रागावली असशील म्हणून लिहीत नाहीस. खुशाल रागाव. पण रागावून का होईना, लिही. मी रोज डाकवाल्याच्या वाटेवर उभी राहते. तुम्ही सगळी मळ्यात आहात, म्हणजे वेळेवर निघालात, असंच मी धरून चालले आहे.

अक्का

*

आसेगाव, मळ्यातून, फाल्गुन शुद्ध ६

अक्कास,

वेणू गेली. मदनसिंग तुझं पत्र घेऊन आला तेव्हा आम्ही तिला नेऊन परत आलो होतो आणि अंगणात बसलो होतो.

तुला उंदराचं पत्र लिहिलं त्याच्या सहाव्या दिवशी ती खेळातून लवकर आली आणि म्हणाली, पाय दुखतो. मी म्हटलं, धावलीस फार. अक्का, तेव्हाही माझी छाती उडाली. तेव्हाही मी बसले. मनात मोट चालवली, ती आता सहज चालते. रात्री ताप चढला आणि मी परकर वर केला, तेव्हा गाठ लिंबाएवढी होती. त्या गाठीवर हात ठेवून मी बसले होते आणि माझी छाती उडत नव्हती. हे मी कोणाला सांगू? माझी पोर माझ्यासमोर जळत होती आणि मी निवांत होते. भीती मेलीच होती. तिला मारायला मीच शिकले होते.

वेणू दोन दिवस होती. शेवटी शेवटी मला म्हणाली, "आई, गो आत जातो, विंद बाहेर येत नाही." मी तिच्या पोटावर हात ठेवला आणि तिच्याबरोबर श्वास घेतला. मग मी एकटीच घेत होते.

आमच्यानंतर गावात आणखी उंदीर पडले. ललिताबाईच्या घरातली दोन माणसं गेली. तिने मला बोल लावला नाही, पण तिची सून माझ्याकडे बसायला शिकली होती, ती आता मला पाहून दुसरीकडे तोंड करते.

तुझं पत्र मी धन्यांना वाचून दाखवलं. वाशीमचं वाचलं तेव्हा ते म्हणाले, "मले मालूम होतं." मग मी त्यांना चुलीपाशी पडलेल्या उंदराचं सांगितलं. त्यांना ते तोवर ठाऊक नव्हतं. मग म्हणाले, "खार मेली तं वरडली. मांजरीनं मारला तं वरडली. मंग त्याच दिशी काहून नाही वरडली वं?"

ते रागाने नव्हते विचारत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी काय सांगणार? तुम्ही गाडी जुंपाल म्हणून, असं सांगू? अक्काने सांगितलं म्हणून? की मला फार बरं वाटत होतं म्हणून?

शेवटचं खरं आहे. मला फार बरं वाटत होतं.

कस्तुरा

*

वाशीम, फाल्गुन वद्य ९

कस्तुरा,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

हे पत्र मी चार वेळा फाडलं. काय लिहिलं म्हणजे तुला बरं वाटेल ते शोधत होते. मग लक्षात आलं, की तुला बरं वाटावं म्हणूनच मी आजवर सगळं केलं आणि त्यातूनच हे झालं. आता जे आहे तेवढंच लिहिते.

मी जिजाबाईकडे गेले. तिच्यासमोर तुझं पत्र वाचलं. उंदराचं वाचल्यावर तिने मला थांबवलं आणि विचारलं, "बसून झाल्यावर तिनं पाह्यलं काहून नाही?" मी म्हटलं, बघायचं नाही असं पथ्य होतं ना. म्हातारी माझ्याकडे अशी बघायला लागली की मला पळावंसं वाटलं. म्हणाली, "मी असं कवा सांगतलं? जीव थाऱ्यावर आला का उठाचं अन् जाऊन पाहाचं, भेव खरं बोलून राह्यलं का खोटं. त्याच्यासाठीच तं बसाचं. आंधळं होऊन बसाले थे काय नाम हाय?"

तिने मला असंच शिकवलं होतं, कस्तुरा. मला आठवलं. माझ्या वेळी बघण्यासारखं काही नव्हतं, सासूच्या जिभेला काय बघायचं, म्हणून मी ते अर्धं कधी वापरलं नाही. आणि तुला लिहिताना मला वाटलं, ही बघायला गेली की पुन्हा भडकेल. म्हणून ते मुद्दाम गाळलं. वाशीमचं गाळलं तसंच. तुला काय पेलेल ते मी ठरवत गेले. लहानपणी तुझ्या भाकरीचा करपलेला भाग मी काढून टाकायची, तशी.

आता मला झोप नाही. छातीत घण पडतात, तू लिहायचीस तसेच. देवळाच्या पायरीपर्यंत जाते आणि फिरते. बसले की वेणूला उंदीर नेताना बघते, मी तिथे नव्हते तरी बघते. शिवलेल्या परकराच्या उरलेल्या खणाची घडी मी कुठे ठेवू तेही मला कळत नाही.

माफ कर असं म्हणायलाही लाज वाटते, तरी म्हणते. मला माफ कर.

गोमता

*

आसेगाव, चैत्र वद्य २, शके १८३४

ती. अक्कास कस्तुराचा नमस्कार.

साथ ओसरली. लोक गावात परतले. आम्ही अजून मळ्यातच आहोत. घराची कौलं उतरवली आहेत, आत ऊन पडू दिलं आहे. त्या चुलीवर मी पुन्हा भाकरी करीन असं वाटत नाही.

धन्यांची गंमत झाली आहे, गंमत म्हणण्यासारखी नाही तरी म्हणते. आता तेच दचकतात. पाला वाजला तरी मोट सोडून येतात आणि मला विचारतात, "काही पडलं का?" कालही भरदुपारी बैल उभे ठेवून आले. मी त्यांना बसा म्हटलं नाही, गप्प राहा म्हटलं नाही. उठले, काठी घेतली, आणि दोघांनी मिळून झोपडीचा कोपरान् कोपरा पाहिला. कडब्याच्या पेंढ्या हलवल्या. पोती झटकली. काही नव्हतं. मग त्यांना भिंतीला टेकवून बसवलं आणि शेजारी मी बसले. त्यांच्या पोटावर हात ठेवला तेव्हा ते रडले. वेणू गेल्यापासून पहिल्यांदा.

तू माफी मागितलीस. अक्का, ती माझ्यापाशी अजून नाही. मी शोधून पाहिली. लिहिली तर खोटी लिहीन, आणि खोटं आपल्या दोघींत पुष्कळ झालं. मी स्वतःलाही अजून दिलेली नाही. पाहणं माझ्या हातात होतं. तुझं पथ्य मी इतकं आनंदाने पाळलं, कारण मलाही पाहायचं नव्हतं.

नाम मी सोडलेलं नाही. सोडणार होते. मदनसिंग आला त्या दिवशी अंगारा विहिरीत टाकला. पण श्वास कुठे टाकणार? तो आला की त्याच्याबरोबर 'गो' येतो. आता त्याने बरं वाटत नाही. नुसतं बसता येतं आणि उठून चुलीत लाकडं घालता येतात. जिजाबाईला सांग, बसून झाल्यावर मी रोज डोळे उघडून पाहते. समोर मळा असतो, बैल असतात, धनी असतात. वेणू नसते. रोज एवढंच दिसतं आणि ते खरं असतं.

तुझी छाती उडते असं वाचलं आणि माझा राग तिथेच थोडा थांबला. तुझ्यावर अजून रागावलेलीच आहे, तरी वाचवेना. मला ते दुखणं ठाऊक आहे. ते तुला एकटीने काढू देणार नाही. उन्हाळ्यात मोट कमी असेल तेव्हा दाजींना सांगून इकडे ये. आल्यावर मी कदाचित तुझ्याशी बोलणार नाही. तरी ये. वेणूच्या खणाची घडी घेऊन ये, मला ती हवी आहे.

तोवर पत्र लिहीत जा. मला बरं वाटेल असं काही लिहू नकोस. माणूस आजारी असेल तर आजारी लिही. उंदीर पडले असतील तर पडले म्हणून लिही.

तुझी
कस्तुरा